हा नियम नक्की कोणी वळवला? दबावगटांचा माग काढायची पद्धत

लॉबिंग म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, बंद दार, जाड पाकीट आणि हसत बाहेर पडणारा माणूस. असं होतच नाही असं कोण म्हणेल, पण दबावगटांचं बरंचसं काम कायदेशीर असतं, लेटरहेडवर असतं आणि इतकं कंटाळवाणं असतं की बातमीत येतच नाही. मसुद्यातली एक व्याख्या बदलून घेणं, एक तारीख पुढे ढकलून घेणं, समितीवर आपला माणूस बसवणं, असलं काम. आपल्या दृष्टीने हे चांगलंच आहे, कारण पाकिटाचा माग लागत नाही, कागदाचा लागतो. तो कसा काढायचा ते सांगतो. पत्रकारच असायला पाहिजे असं काही नाही, चिकाटी आणि एक वही किंवा एक्सेल शीट पुरते.

सुरुवात पैशांपासून करू नका, फायद्यापासून करा. कायदा किंवा नियम समोर ठेवा आणि दोन रकाने पाडा, कोणाचं भलं होणार आणि कोणाच्या खिशातून जाणार. मग प्रत्येकापुढे लिहा की त्या गटात किती जण आहेत आणि माणशी किती फरक पडतो. हे का करायचं तर १९६५ साली मॅन्सर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली, की फायदा थोड्या लोकांत वाटला जाणार असेल तर ते पटकन एकत्र येतात आणि तोटा लाखो लोकांत चिमूटभर वाटला जाणार असेल तर कोणीच जागचं हलत नाही. अमेरिकेतली साखर हे त्याचं ठरलेलं उदाहरण. तिथे १९३४ पासून साखरेच्या आयातीवर आणि पुरवठ्यावर कुठल्या ना कुठल्या स्वरूपात नियंत्रण आहे, त्यामुळे तिथली साखर अनेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा बरीच महाग राहिली. त्याचा फायदा मोजके ऊस आणि बीट उत्पादक आणि कारखाने घेतात, त्यांच्यासाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न. ग्राहकाचे मात्र वर्षाला इतके थोडे जादा जातात की त्यासाठी खासदाराला फोन करायला कोणाला वेळ आहे? तुमच्या दोन रकान्यांत असं चित्र दिसलं, एकीकडे मूठभर आणि दुसरीकडे सगळं गाव, तर समजा की खोदायला जागा बरोबर सापडली.

आता मजकूर वाचा, आणि तोही उलटा

उलटा म्हणजे उद्देश, प्रस्तावना वगैरे सोडून द्या. ते भाषणासाठी असतं. थेट चार ठिकाणी जा: व्याख्या, अपवाद, अंमलबजावणीची तारीख आणि शेवटची परिशिष्टं. गोम तिथेच असते. व्याख्येतला एक शब्द बदलला की अख्खा उद्योग नियमाच्या बाहेर जातो आणि बाहेर गेलाय हे मुख्य कलम वाचून कळतही नाही, कारण कलम होतं तसंच कडक दिसत राहतं. "परंतु" ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. अमुक टनांपेक्षा कमी, तमुक कर्मचाऱ्यांपेक्षा कमी, या तारखेपूर्वी परवाना घेतलेले, असा आकडा दिसला की विचारायचं हाच आकडा का, आणि या आकड्याच्या बरोबर खाली कोण कोण बसतंय.

अमेरिकेत २००३ मध्ये वयस्कर लोकांना औषधांचा खर्च देणारा कायदा झाला. योजना प्रचंड मोठी, लोकप्रिय. त्यात एक छोटं कलम होतं की औषधांच्या किमतींसाठी सरकारने कंपन्यांशी घासाघीस करायची नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक, आणि त्याला भाव करायलाच मनाई! २०२२ मध्ये नवीन कायदा आला तेव्हा कुठे काही निवडक औषधांसाठी ही मनाई उठली. एवढ्या मोठ्या कायद्यातलं ते एक कलम, पण उद्योगाच्या दृष्टीने खरा कायदा तेवढाच होता.

दुसरं काम म्हणजे सगळे मसुदे शेजारी शेजारी ठेवायचे. पहिला मसुदा, समितीकडून आलेला मसुदा, अंतिम मसुदा. दोन फाइलींमधला फरक दाखवणारी टूल्स फुकटात मिळतात, वर्डमध्ये पण सोय आहे. काय आलं, काय गेलं याची यादी करा आणि मग त्या काळात कंपन्यांनी, संघटनांनी, एनजीओंनी पाठवलेली निवेदनं शोधून त्यातली वाक्यं मसुद्याशी ताडून बघा. युरोपात डेटा संरक्षणाचा कायदा बनत होता तेव्हा युरोपियन संसदेत तीन हजारांहून जास्त दुरुस्त्या आल्या होत्या. २०१३ मध्ये काही लोकांनी लॉबीप्लॅग नावाचा प्रोजेक्ट काढून नेमकं हेच केलं, लॉबींचे कागद आणि खासदारांच्या दुरुस्त्या शेजारी लावल्या, आणि काही ठिकाणी ॲमेझॉन, ईबे आणि अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स यांच्या कागदांतली वाक्यं जशीच्या तशी सापडली. पोरं परीक्षेत कॉपी करतात तर निदान एखादा शब्द तरी बदलतात. आता इथे न्यायाने सांगायला पाहिजे की प्रायव्हसीवाल्या संस्थांचे मुद्देही दुरुस्त्यांत उतरलेले दिसले, ही पद्धत काही एकाच बाजूची नाही. खासदाराकडे माणसं कमी, विषय किचकट, आणि समोरचा तयार मजकूर हातात देतो. दबावगटाची खरी ताकद मला यातच दिसते, दमलेल्या माणसाला तो गृहपाठ करून देतो.

कोण कोणाला भेटलं

हे शोधणं देशादेशांत फार वेगवेगळं आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टना नोंदणी करावी लागते आणि २००७ च्या सुधारणेनंतर दर तिमाहीला रिपोर्ट द्यावा लागतो, तो ऑनलाइन सर्च करता येतो. आयर्लंडमध्ये २०१५ चा कायदा आहे आणि मला तो सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तिथे कोणाशी बोललात, कशाबद्दल बोललात आणि त्यातून काय व्हावं अशी अपेक्षा होती हेही लिहावं लागतं. चिलीमध्ये २०१४ पासून उलट बाजूने केलंय, अधिकाऱ्यांनीच आपल्या भेटीगाठी जाहीर करायच्या. युरोपियन कमिशनचे, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाचे, कमिशनर पण २०१४ च्या शेवटापासून लॉबिस्टबरोबरच्या मीटिंगा वेबसाइटवर टाकतात. भारतात लॉबिंगची नोंदणी करायला लावणारा स्वतंत्र कायदाच नाही, त्यामुळे तिथे माहिती अधिकारात फाइलीवरच्या नोंदी आणि आलेल्या निवेदनांच्या प्रती मागणं हाच रस्ता उरतो.

नोंदणीत नाव नाही म्हणजे लॉबिंग झालं नाही असं मात्र समजू नका. ब्रिटनच्या २०१४ च्या कायद्यात फक्त दुसऱ्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या कन्सल्टंटना नोंदणी आहे, कंपनीच्या स्वतःच्या पगारी माणसाला नाही. २०२० मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ग्रीनसिल या फायनान्स कंपनीसाठी मंत्र्यांना मेसेज केले, पुढे ते बाहेर आलं, चौकशी झाली, आणि निष्कर्ष असा निघाला की ते कंपनीचे कर्मचारी असल्यामुळे त्यांना नोंदणीची गरजच नव्हती. त्यांच्याच सरकारच्या काळात झालेला कायदा! म्हणून रजिस्टर बघायच्या आधी रजिस्टरमध्ये कोण येत नाही ते वाचून घ्या.

एक आडवाट फार उपयोगी पडते. तुमच्या देशात नोंद नसेल तर ती कंपनी ज्या देशात नोंद करावी लागते तिथे काय लिहिते ते बघा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये भारताच्या संसदेत वॉलमार्टवरून जो गोंधळ झाला तो असाच निघाला होता, कंपनीने अमेरिकेत भरलेल्या रिपोर्टमध्ये भारतातल्या गुंतवणुकीचा मुद्दा लिहिलेला होता. पण यातच एक सापळाही आहे. त्या फॉर्ममध्ये एका रकमेखाली डझनभर मुद्दे असतात, त्यामुळे जो मोठा आकडा गाजला तो काही फक्त भारतासाठीचा नव्हता, सगळ्या मुद्द्यांचा मिळून होता. आणि तो खर्च अमेरिकेतल्या लॉबिंगचा असतो, दुसऱ्या देशात कोणाला काय दिलं याचा नाही. अशी गफलत केलीत तर समोरचा एका वाक्यात तुमचं सगळं काम उडवून लावेल.

हरकती आणि सूचनांचा ढीग

मसुदा जाहीर झाला की लोकांकडून हरकती मागवतात, अमेरिकेत १९४६ च्या कायद्यापासून ही पद्धत पक्की आहे, भारतात २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असं ठरलंय, मात्र ते धोरण आहे, कायदा नाही, आणि पाळलं जातंच असं नाही. या ढिगात सोनं असतं. पण मोजायचं नाही, वाचायचं. किती लाख कमेंट आल्या हा आकडा जवळपास निरुपयोगी असतो. २०१७ मध्ये अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं या, नियमांवर सुमारे २ कोटी २० लाख कमेंट आल्या आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीत निघालं की त्यातल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होत्या. ८५ लाखांच्या आसपास तर ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशातून चाललेल्या मोहिमेतून आलेल्या, खऱ्या माणसांची नावं त्यांना न विचारता वापरून. आणि दुसऱ्या बाजूने ७७ लाख कमेंट एका १९ वर्षांच्या कॉलेजच्या पोराने एकट्याने सॉफ्टवेअर लावून टाकलेल्या, कमाल आहे.

मग बघायचं काय? एकसारखी वाक्यं, एकाच वेळी आलेला लोंढा, आणि "सामान्य नागरिकांची संघटना" असं नाव असलेल्या पण पत्ता मात्र एखाद्या पीआर फर्मचा असलेल्या संस्था. अमेरिकेत १९९३ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या हक्कांसाठी नॅशनल स्मोकर्स अलायन्स निघाली, तिला पैसा फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी पुरवत होती. संस्थेचं वय बघा, मसुदा यायच्या दोन महिने आधी जन्मलेली संस्था म्हणजे जरा थांबून बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते लांबलचक, आकड्यांनी भरलेले, कलमानुसार लिहिलेले चाळीस पानी सबमिशन वाचा, कारण अधिकारी तेच वाचतो. लाखभर "मी विरोध करतो" पेक्षा असं एक सबमिशन जास्त काम करतं.

तज्ज्ञांचं पण तसंच, ज्या अभ्यासाचा दाखला मसुद्यात दिलाय त्याला पैसा कोणी दिला हे शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं, निदान हल्ली तरी. पूर्वी तेही नव्हतं. १९६७ मध्ये एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये हृदयविकारात साखरेचा दोष कमी आणि चरबीचा जास्त असं सुचवणारा आढावा आला, लेखक हार्वर्डचे, आणि त्यांना साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते हे जगाला जुन्या कागदपत्रांतून कळलं २०१६ मध्ये. जवळपास पन्नास वर्षांनी. पैसा मिळाला म्हणजे अभ्यास खोटाच असं नाही हं, पण त्याच विषयावर उद्योगाचा पैसा नसलेले अभ्यास काय म्हणतात ते शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोण कोणाच्या शेजारी उभं आहे

मला हा भाग सगळ्यात मजेदार वाटतो. ब्रूस यँडल या अर्थशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये म्हटलं होतं की रविवारी दारूविक्री बंद ठेवा असं धर्मवादी लोक नैतिकतेसाठी म्हणतात आणि चोरून दारू विकणारे धंद्यासाठी, आणि दोघांना मिळून नियम टिकवता येतो. म्हणून प्रत्येक उदात्त मागणीच्या मागे बघायचं, की या मागणीने कोणाचा गल्ला भरतोय. मोठा उद्योग नेहमी नियमांच्या विरोधातच असतो हा समज पहिला टाकून द्या. २००९ मध्ये अमेरिकेत तंबाखूवर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा आला तेव्हा आरोग्य संघटनांच्या बरोबरीने फिलिप मॉरिसने पण त्याला पाठिंबा दिला, आणि छोट्या प्रतिस्पर्धी कंपन्या ओरडत होत्या, कारण जाहिरातींवर बंधनं आली की आधीच पहिल्या नंबरवर असलेल्याला कोण गाठणार? जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की नियमन बऱ्याचदा त्या उद्योगालाच हवं असतं आणि त्याच्याच सोयीने बेतलं जातं, पुढे १९८२ चं नोबेल मिळालं त्यांना. कायदा चांगला की वाईट हे यावरून ठरत नाही, तो तंबाखूचा कायदा आरोग्याच्या दृष्टीने कामाचाच होता. फक्त बाजू मोजताना चूक होऊ नये.

माणसांची ये-जा पण बघाच. वर जो औषधांचा कायदा सांगितला, तो पुढे नेणाऱ्या प्रमुख नेत्यांपैकी एक होते बिली टॉझिन, संसदेच्या संबंधित समितीचे अध्यक्ष, आणि २००५ च्या जानेवारीत ते औषध कंपन्यांच्या मुख्य संघटनेचे प्रमुख झाले. युरोपियन कमिशनचे माजी अध्यक्ष बारोसो २०१६ मध्ये गोल्डमन सॅक्स या बड्या अमेरिकन बँकेत गेले तेव्हा पद सोडल्यावर अशी नोकरी धरण्याआधीचा कमिशनचा १८ महिन्यांचा थांबा नुकताच संपला होता, त्यावरून एवढा आरडाओरडा झाला की २०१८ मध्ये तो कमिशनरसाठी दोन आणि अध्यक्षासाठी तीन वर्षं केला. शोधायला सोपं आहे, समितीतल्या प्रत्येकाचं नाव घ्या आणि आधीची पाच वर्षं नि नंतरची पाच वर्षं कुठे होते ते लिंक्डइन, वार्षिक अहवाल, जुन्या बातम्यांतून भरा.

आता एवढं सगळं जमलं की हात शिवशिवतात, "अमुक लॉबीने कायदा विकत घेतला" असं लिहून टाकावंसं वाटतं. थांबा. मागितलं आणि मिळालं, एवढ्यावरून मागितल्यामुळे मिळालं असं सिद्ध होत नाही, कदाचित मंत्र्याचं तेच मत आधीपासून असेल. लॉबीने मागितलेल्या पण न मिळालेल्या गोष्टींची यादीपण करा, ती बहुतेक लोक करतच नाहीत. अमेरिकेत पाच राज्यशास्त्रज्ञांनी ९८ मुद्दे निवडून चार वर्षं पाठलाग केला, २००९ मध्ये ते छापून आलं, आणि त्यात निम्म्याहून जास्त मुद्द्यांवर काहीच बदललं नव्हतं, शिवाय जास्त पैसा असलेली बाजू जिंकतेच असंही दिसलं नाही. पण जरा विचार करा, काहीच न बदलणं हे कोणाला हवं असतं? ज्याची आत्ताची व्यवस्था सोयीची आहे त्याला. त्यामुळे झालेल्या कायद्यांपेक्षा न झालेले कायदे जास्त बोलके असतात, चार वेळा समितीकडे जाऊन तिथेच मेलेला मसुदा, दर अधिवेशनात "पुढच्या वेळी" म्हटलेला विषय. हे शोधणं अवघड आहे कारण न घडलेल्या गोष्टीची बातमी नसते, जुन्या कार्यक्रमपत्रिका आणि लेखी प्रश्नांची उत्तरं चाळायला लागतात.

तुमचा स्वतःचा छोटा गट असेल आणि तुम्हालाच काही बदलून घ्यायचं असेल तर हीच सगळी पद्धत उलटी वापरा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, गावासमोर सरकारी हजेरीपटं आणि बिलं मोठ्याने वाचून दाखवायची, मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघालेली लोकांनीच ओळखायची. त्यातून मागणी साधी आणि ठोस राहिली, कागदाची प्रत द्या, आणि २००० मध्ये राज्याचा आणि २००५ मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा आला. भूसुरुंगांवर बंदी मागणारी मोहीम १९९२ मध्ये सहा संस्थांनी सुरू केली आणि १९९७ च्या डिसेंबरमध्ये ओटावात १२२ देशांनी करारावर सह्या केल्या, अर्थात अमेरिका, रशिया, चीन बाहेरच राहिले. दोन्हीकडे एक मागणी होती, ती एका ओळीत सांगता येत होती, आणि पुरावा अशा माणसांकडून येत होता ज्यांना खोटं पाडता येत नाही. तुमच्या निवेदनात पण भावना कमी ठेवा आणि सांगा की कलम अमुकमध्ये हा शब्द काढा, त्याजागी हा टाका, कारण हे, खर्च एवढा. आणि लवकर द्या. हरकतींच्या शेवटच्या दिवशी पाठवलेलं निवेदन म्हणजे पोच मिळवण्यापुरतं, तोपर्यंत मसुदा मनात पक्का झालेला असतो.

कायदा मंजूर झाल्यावर बहुतेक लोक घरी जातात, पण लॉबी कुठेच जात नाही. मुख्य कायद्यात "विहित करण्यात येईल असे" हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे खूण करा, कारण त्या प्रत्येक ठिकाणी नंतर कोणीतरी नियम लिहिणार आहे आणि तेव्हा कॅमेरे नसतात. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायदा झाला, त्याखाली सुमारे ४०० नियम बनवायचे होते. बँकांनी स्वतःच्या पैशावर सट्टा खेळू नये हा त्यातला गाजलेला नियम अंतिम व्हायला २०१३ चा डिसेंबर उजाडला आणि तोपर्यंत त्यात अपवादांची भली मोठी यादी तयार झाली होती. तेव्हा शीटमध्ये आणखी तीन रकाने पाडून ठेवा: कुठले नियम बाकी आहेत, कोणत्या तारखेला द्यायचे होते, आणि ती तारीख कितव्यांदा पुढे गेली. चौथा पण पाडा, अंमलबजावणीसाठी माणसं आणि पैसे मंजूर झाले का, कारण इन्स्पेक्टरच भरले नाहीत तर अपवाद मागायची गरजही पडत नाही.